लक्ष कुठे जाते: चिंता, मेंदू आणि जपान
(प्रस्तावना)

चिंता या विषयावर मराठीत पुस्तकांची वाण नाही. ती कशी घालवावी, मन शांत कसे ठेवावे, विचार कसे बदलावेत हे सांगणारी पुस्तके प्रत्येक प्रदर्शनात दिसतात आणि खपतातही. पण चिंतेने घेरलेल्या माणसाला समोरचे जग कसे दिसते, एखादा चेहरा, एखादा आवाज, एखादा शब्द त्याच्या मेंदूत शिरला की पुढे काय घडते, याबद्दल मराठी वाचकाच्या हाती फारसे लागत नाही. जे लागते ते बहुधा अमेरिकेतून इंग्रजीमार्गे आलेले असते. हे पुस्तक त्याच प्रश्नाकडे जपानच्या वाटेने जाते. जपानच का, हे नीट सांगायचे म्हणून ही प्रस्तावना नेहमीपेक्षा लांबली आहे. जपानी नावे तिथल्या प्रथेप्रमाणे आडनाव आधी घेऊन लिहिली आहेत.

मूळ प्रश्न साधा आहे. सभेत बोलायला उभे राहिलेल्या माणसासमोर चाळीस चेहरे असतात. बहुतेक जण ऐकत असतात, दोघे-तिघे मान डोलावतात, एक जण कपाळाला आठ्या घालून बसलेला असतो. ज्याच्या मनात धास्ती नाही त्याच्या नजरेतून तो एक चेहरा निसटून जातो. ज्याचा जीव आधीच टांगणीला लागलेला आहे त्याची नजर मात्र तिथेच अडकते, बाकीचे एकोणचाळीस चेहरे जणू पुसले जातात, आणि घरी परतल्यावरही त्याला आठवतात त्या आठ्याच. डोळ्यांवर पडलेला प्रकाश दोघांसाठी सारखाच होता. फरक पडला तो मेंदूने त्यातले काय उचलले यात.

ही निवड प्रयोगशाळेत मोजण्याची सोपी युक्ती 1986 मध्ये कॉलिन मॅकलाउड, अँड्र्यू मॅथ्यूज आणि फिलिप टाटा यांनी मांडली. पडद्यावर क्षणभर दोन शब्द दिसतात, एक धोक्याचा आणि एक साधा. ते नाहीसे होताच त्यांपैकी एकाच्या जागी ठिपका उमटतो, आणि तो दिसताच बटण दाबायचे असते. चिंताविकाराचे रुग्ण धोक्याच्या शब्दाच्या जागी आलेला ठिपका लवकर पकडत होते, कारण त्यांचे लक्ष आधीच तिथे जाऊन बसलेले होते. पुढे शब्दांच्या जागी रागीट आणि भेदरलेले चेहरे आले, आणि या धाटणीच्या प्रयोगांचा जगभर सुकाळ झाला. एकेका व्यक्तीच्या बाबतीत या चाचणीचे आकडे स्थिर राहत नाहीत, आज एक तर उद्या दुसरे, हेही नंतर दिसून आले. समूहाबद्दल सांगितलेली गोष्ट एका माणसाच्या कपाळी चिकटवू नये, हे पथ्य वाचकाने या पुस्तकभर पाळावे.

लक्ष वेधले जाते म्हणजे मेंदूत काय होते? इथे बहुतेक पुस्तके थेट अमिग्डालाकडे वळतात. कानशिलांच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे एकेक, बदामाएवढा हा पेशींचा पुंजका. अमेरिकेत जोसेफ लडू यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की धोक्याची सूचना देणारा आवाज दोन वाटांनी अमिग्डालापर्यंत पोहोचतो: एक वाट मेंदूच्या बाह्यकातून, सावकाश आणि तपशीलवार, दुसरी थॅलॅमसमधून थेट, ओबडधोबड पण जलद. याच सुमारास जपानमध्ये, तोयामा इथल्या वैद्यकीय विद्यापीठात, ओनो ताकेतोशी आणि निशिजो हिसाओ जाग्या माकडांच्या अमिग्डालातल्या एकेका चेतापेशीचे विद्युत संकेत नोंदवत होते. त्यांचा 1988 चा शोधनिबंध आजही वाचण्यासारखा आहे. समोर आलेली वस्तू काय आहे यापेक्षा ती आपल्या कामाची आहे की त्रासाची, याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी त्यांना तिथे सापडल्या.

निशिजो यांच्या गटाचे 2013 मधले काम मला या साऱ्या क्षेत्रातले सर्वांत बोलके वाटते. त्यांनी घेतलेल्या जपानी माकडांनी आयुष्यात कधी साप पाहिलेला नव्हता. त्यांना पडद्यावर सापांची, माकडांच्या चेहऱ्यांची, माकडांच्या हातांची आणि साध्या भौमितिक आकृत्यांची चित्रे दाखवली गेली. थॅलॅमसच्या मागच्या बाजूला पल्व्हिनार नावाचा भाग आहे, जलद वाटेवरचे एक ठाणे म्हणता येईल असा. तिथल्या पेशींचा सापांना मिळालेला प्रतिसाद रागीट चेहऱ्यांना मिळालेल्या प्रतिसादापेक्षाही जोरकस आणि लवकर होता. न पाहिलेल्या शत्रूसाठी मेंदू आधीपासून तयार होता. वेदान्तातला दोरीवरचा साप आपण भ्रमाचे उदाहरण म्हणून ऐकत आलो. उत्क्रांतीच्या हिशेबात मात्र दोरीला साप समजणारा जगला आणि सापाला दोरी समजणारा मेला. चिंतेची पूर्वपीठिका या हिशेबात आहे, म्हणून चिंतेला निव्वळ बिघाड म्हणणे मला पटत नाही.

अमिग्डाला म्हणजे 'भीतीचे केंद्र' हे समीकरण मात्र वाचकाने मनातून काढून टाकावे. दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झालेल्या 3 रुग्णांना 2013 मध्ये अमेरिकेत एका प्रयोगात कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा त्यांना भीतीचा जबर झटका आला. ज्यांना बाहेरच्या धोक्यांची भीती वाटेनाशी झाली होती, त्यांना शरीराच्या आतून आलेल्या धोक्याने हादरवले. खुद्द लडू यांनीच पुढे सांगितले की आपण अभ्यासलेली यंत्रणा धोका ओळखून शरीराला सावध करणारी आहे, भीतीची जाणीव ही त्याहून वेगळी गोष्ट. सामाजिक चिंता, विशिष्ट वस्तूची भीती आणि आघातोत्तर ताणविकार यांवरचे मेंदूप्रतिमांचे अभ्यास एकत्र करून 2007 मध्ये एटकिन आणि वेगर यांनी तपासले, तेव्हा अमिग्डालाबरोबर इन्सुलाही अधिक सक्रिय आढळला. शरीराच्या आतल्या हालचालींची, धडधडीची, श्वासाची जाणीव मेंदूत जिथे जुळते तो हा भाग. आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल बाह्यक या सगळ्यावर अंकुश ठेवतो. चिंतेत तो अंकुश ढिला पडतो, किंवा काळजीच्या फेऱ्यातच गुंतून राहतो.

आता मोरिता शोमा या जपानी मनोविकारतज्ज्ञाकडे येतो, कारण या पुस्तकाचा कणा ते आहेत.

मोरिता शोमा यांचा जन्म 1874 चा, शिकोकू बेटावरच्या कोची प्रांतातला. लहानपणी गावच्या देवळात नरकाचे चित्र पाहिल्यावर मरणाच्या भीतीने त्यांना ग्रासले. पुढे छातीत धडधड, थकवा, झोप न लागणे हे सारे मागे लागले. टोकियोच्या विद्यापीठात शिकत असताना औषधे चालू होती, परीक्षा तोंडावर होती, आणि वडिलांकडून पैसे वेळेवर आले नाहीत. चिडून त्यांनी औषधे सोडली, मेलो तर मेलो म्हणून अभ्यासाला बसले. परीक्षा चांगली गेली आणि दुखणे मागे पडले. पुढे मनोविकारतज्ज्ञ झाल्यावर त्यांनी या अनुभवाला शास्त्राचे रूप दिले. त्या काळी अशा रुग्णांना 'न्यूरास्थेनिया' हे अमेरिकेहून आलेले लेबल लागत असे, म्हणजे नसा दुबळ्या झाल्या. मोरितांना ते मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे असे: शरीरात एखादी संवेदना उठते, माणूस तिच्याकडे लक्ष देतो, लक्ष दिल्याने ती तीव्र होते, तीव्र झाल्याने लक्ष आणखी तिथे ओढले जाते. 'हे होता कामा नये' असे म्हणून माणूस तिच्याशी झगडू लागला की हे चक्र पक्के होते. या अडकण्याला ते 'तोरावारे' म्हणत.

इन्सुला आणि लक्षाच्या कलाबद्दल वर जे लिहिले ते आठवून हे वाचावे. मोरितांकडे ना यंत्र होते, ना मेंदूची प्रतिमा. ते मेंदूबद्दल बोलतही नव्हते. तरी चिंतेचे मर्म लक्षाच्या वाटचालीत आहे, हे त्यांनी प्रयोगशाळेतल्या ठिपक्याच्या सहा दशकांहून अधिक काळ आधी ओळखले होते, हे माझे ठाम मत आहे आणि या पुस्तकाची मांडणी त्यावर उभी आहे.

त्यांचा उपचार 1919 च्या सुमारास आकाराला आला. तो जवळून पाहण्यासारखा आहे. रुग्ण त्यांच्या घरीच राहायला येई. पहिला आठवडाभर एका खोलीत नुसते पडून राहायचे. वाचन नाही, गप्पा नाहीत, विडीकाडी नाही. जेवण आणि नित्यकर्मे एवढ्यापुरतेच उठायचे. चिंता आली तर येऊ द्यायची, तिला हाकलायचे नाही की तिची समजूत घालायची नाही. दिवसागणिक चिंता चढते, शिगेला पोहोचते आणि आपसूक ओसरते, हे रुग्णाला कोणी सांगत नसे, त्यालाच कळे. मग कंटाळा येई, काहीतरी करावेसे वाटू लागे. दुसऱ्या टप्प्यात अंगणातली हलकी कामे आणि रात्री रोजनिशी. रोजनिशीवर मोरिता स्वतः शेरे लिहीत. तिसऱ्या टप्प्यात लाकडे फोडणे, झाडलोट, स्वयंपाक अशी अंगमेहनत. चौथ्यात बाहेरच्या जगाशी पुन्हा गाठ. 'आज कसे वाटते?' याला महत्त्व नसे. आज काय केले, याला असे. लक्ष स्वतःकडून समोरच्या कामाकडे वळले की चक्राला खाद्य मिळेनासे होते. चिंता जशी आहे तशी असू देऊन जगायचे, याला त्यांचा शब्द होता 'आरुगामामा'.

या पद्धतीला विरोधही झाला. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातले मारुई कियोयासु हे जपानमधले फ्रॉइडवादाचे पुरस्कर्ते, आणि मनोविकारतज्ज्ञांच्या अधिवेशनांत त्यांचे मोरितांशी वाद गाजले. मारुईंना चिंतेचे मूळ बालपणात शोधायचे होते, मोरितांना ती आज कशी चालू राहते यात रस होता. मोरिता 1938 मध्ये गेले. जिकेई वैद्यकीय विद्यापीठातले त्यांचे शिष्य कोरा ताकेहिसा यांनी परंपरा पुढे चालवली. आज निवासी स्वरूपातला तो मूळ उपचार दुर्मीळ झाला आहे आणि बहुतेक काम बाह्यरुग्ण विभागात चालते.

मोरितांचे दुसरे देणे म्हणजे 'ताइजिन क्योफू', माणसांसमोर येण्याची भीती. वरवर पाहता ही आपल्या पुस्तकांतली सामाजिक चिंता. पण एक फरक मोठा आहे. पाश्चात्त्य वर्णनात रुग्णाला वाटते, लोक मला हसतील. जपानी वर्णनातल्या एका प्रकारात त्याला वाटते, माझ्यामुळे लोकांना त्रास होईल: माझी नजर त्यांना टोचते आहे, माझ्या अंगाचा वास त्यांना नकोसा होतो आहे, माझ्या लाल झालेल्या चेहऱ्याने ते अवघडले आहेत. अमेरिकन मनोविकारसंघटनेच्या वर्गीकरणाने 1994 मध्ये याची नोंद संस्कृतीशी निगडित विकारांत केली. कोरियातही असे रुग्ण आढळतात. 'लोक काय म्हणतील' हा धाक घेऊन वाढलेल्या मराठी वाचकाला हे परके वाटणार नाही. कोणाला आपला त्रास नको म्हणून समारंभाला न जाणारी, फोन न उचलणारी माणसे आपल्या प्रत्येक गोतावळ्यात असतात. आपण त्यांना भिडस्त म्हणतो आणि विषय संपवतो.

या फरकाचा मेंदूशी संबंध काय? बराच आहे. भावनांवरच्या बहुतेक प्रयोगांत एकटा चेहरा, कोऱ्या पार्श्वभूमीवर, तोही बहुतेकदा गोरा, दाखवला जातो आणि त्यावरून माणसाच्या मेंदूबद्दल निष्कर्ष काढले जातात. होक्काइदो विद्यापीठातले युकी मासाकी आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दाखवले की चेहऱ्यावरचा भाव ओळखताना जपानी माणसे डोळ्यांना अधिक वजन देतात, अमेरिकन माणसे तोंडाला. मासुदा ताकाहिको यांच्या 2008 च्या प्रयोगात मध्यभागी एक व्यक्ती आणि मागे चौघे अशी चित्रे होती. मधल्याच्याच भावनेबद्दल विचारलेले असूनही जपानी सहभागींचे उत्तर मागच्या चौघांच्या चेहऱ्यांनी बदलत होते, आणि त्यांची नजरही त्या चौघांकडे अधिक जात होती. त्याच वर्षी जोन चिआओ यांच्या गटाने जपानमधले जपानी आणि अमेरिकेतले गोरे यांची तपासणी केली, तेव्हा भेदरलेला चेहरा आपल्या समाजातल्या माणसाचा असेल तर अमिग्डालाचा प्रतिसाद अधिक मिळाला. एकट्या चेहऱ्यावर बेतलेला प्रयोग, चौघांकडे पाहून भाव ओळखणाऱ्या माणसाच्या चिंतेबद्दल अर्धीच गोष्ट सांगतो. भारतीय चेहरे, भारतीय कुटुंबे, भारतीय गर्दी घेऊन असे काम मोठ्या प्रमाणावर व्हायला हवे.

प्रतिमांच्या या तंत्रातही एका जपानी शास्त्रज्ञाचा पायाभूत वाटा आहे. रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावरून मेंदूची सक्रियता चुंबकीय यंत्राने टिपता येते, हे ओगावा सेइजी यांनी 1990 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत उंदरांवर दाखवले. आज 'एफएमआरआय' म्हणून जे सर्वत्र वापरले जाते त्याचे मूळ तिथे आहे.

जपानमध्ये हा विषय प्रयोगशाळेतून घराघरांत आला तो दोन वर्षांतल्या घटनांमुळे: 1995 आणि 2011. 17 जानेवारी 1995 रोजी कोबेचा भूकंप झाला आणि 20 मार्चला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन वायूचा हल्ला. मनाची शुश्रूषा हा शब्दप्रयोग तेव्हापासून वर्तमानपत्रांत रुळला. सरिनच्या हल्ल्यातून वाचलेल्यांचा अभ्यास यामासुए हिदेनोरी आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केला. आघातोत्तर ताणविकार झालेले 9 जण आणि तोच हल्ला सोसूनही तो न झालेले 16 जण. पहिल्या गटात अँटेरिअर सिंग्युलेट या भागाचे आकारमान कमी भरले. भावना आणि लक्ष यांची सांगड घालणारा हा भाग. पण तो आघाताने लहान झाला की आधीपासूनच लहान होता म्हणून माणूस कोलमडला, हे अशा अभ्यासातून कळत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर एका दुर्दैवी योगायोगाने मिळाले. 11 मार्च 2011 च्या महाभूकंपापूर्वी सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात अनेक निरोगी तरुणांच्या मेंदूंच्या प्रतिमा वेगळ्याच कामासाठी घेतलेल्या होत्या. भूकंपानंतर तीन-चार महिन्यांनी सेकिगुची आत्सुशी यांच्या गटाने त्यांतल्या 42 जणांच्या प्रतिमा पुन्हा घेतल्या. ज्यांना ताणाची लक्षणे अधिक जाणवली त्यांच्या सिंग्युलेटचा एक भाग भूकंपाच्या आधीच लहान होता, तर डोळ्यांच्या खोबणीवरच्या ऑर्बिटोफ्रंटल भागाचे आकारमान भूकंपानंतर घटले होते. म्हणजे एक खूण आधीच्या नाजूकपणाची, दुसरी सोसलेल्या आघाताची. वर्षभराने पुन्हा पाहिले तेव्हा दुसरी खूण बरीचशी भरून आली होती. चिंतेने मेंदू कायमचा बिघडतो असे मानून हाय खाल्लेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. आपल्याकडे 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर घरे बांधून झाली. ज्यांनी तो अनुभवला त्यांच्या मनाचा असा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा आपल्या हातून व्हायला हवा होता.

सर्वांत नवी शाखा क्योतोजवळच्या एटीआर संस्थेतली, कावातो मित्सुओ यांच्या नेतृत्वाखालची. कोइझुमी आइ आणि सहकाऱ्यांचा 2016 चा प्रयोग असा: सहभागींना लाल आणि हिरव्या रेघांची चित्रे दाखवताना सौम्य विजेचा झटका देऊन त्या चित्रांची भीती बसवली. मग 3 दिवस त्यांना यंत्रात झोपवून, समोरचे वर्तुळ मोठे होईल असे काहीतरी मनात करा, एवढेच सांगितले. भीती बसलेल्या दोहोंपैकी एका चित्राचा ठसा त्यांच्या दृष्टिबाह्यकात उमटला की वर्तुळ मोठे होई आणि पैसे मिळत. त्या 3 दिवसांत ते चित्र दाखवले गेले नाही, आणि आपण त्याच्याशी निगडित काही करतो आहोत हे त्यांना उमगलेही नाही. तरी शेवटी त्या चित्राला त्वचेचा आणि अमिग्डालाचा भीतीचा प्रतिसाद ओसरला. सहभागी 17 च होते, आणि रेघांची भीती म्हणजे आयुष्यातली भीती नव्हे. पण नेहमीच्या उपचारात भीतीला सामोरे जावे लागते आणि अनेक रुग्ण तिथेच पाय मागे घेतात, त्यांच्यासाठी ही दिशा आशेची आहे. मोरिता रुग्णाला चिंतेच्या मधोमध झोपवत, कावातोंचा गट तिला वळसा घालतो. दोघांमध्ये शंभर वर्षांचे अंतर असले तरी प्रश्न एकच आहे.

हे आत्ता का वाचावे? जपान सरकारच्या 2023 मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत घराबाहेरच्या जगापासून दुरावलेल्या 'हिकिकोमोरी' माणसांचा अंदाज 14 लाख 60 हजारांच्या आसपास होता. ते सगळे चिंताविकाराचे रुग्ण नाहीत, पण माणसांचे भय त्यांतल्या अनेकांच्या पायांत असते. तिथे चिंतेवरही वापरली जाणारी नव्या पिढीतली नैराश्यरोधक औषधे 1999 पासून मिळू लागली, सामाजिक चिंतेसाठी बोधात्मक वर्तनोपचाराला राष्ट्रीय आरोग्यविम्याने 2016 मध्ये सामावून घेतले. प्रगत देशालाही एवढा काळ लागला. आपण त्या वाटेच्या सुरुवातीला आहोत. स्पर्धापरीक्षांची तयारी करत पुण्यात खोल्या घेऊन राहिलेली मुले, हातातल्या पडद्यावर दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे वाचत बसलेले आपण सगळे, यांचे लक्ष कशाने पकडले आहे हे समजून घ्यायची हीच वेळ आहे.

या पुस्तकात मेंदूशास्त्र आणि उपचार यांची स्वतंत्र दालने केलेली नाहीत. प्रयोगाशेजारी रुग्णशय्या आणि रुग्णशय्येशेजारी समाज, असे ते मुद्दाम गुंफले आहे, कारण वेगळे काढले की मेंदूचे रंगीत चित्र तेवढे लक्षात राहते आणि माणूस निसटतो. पारिभाषिक शब्द जिथे रूढ आहेत तिथे तसेच ठेवले, नसतील तिथे साध्या मराठीत समजावले. उपचाराचा सल्ला देणारे हे पुस्तक नाही. मोरितांचा आठवडाभराचा एकांतवास कोणी घरी स्वतःवर करून पाहू नये. तो जाणकाराच्या देखरेखीतच करायचा असतो.

वाचताना एखादे वर्णन स्वतःचे किंवा घरातल्या कोणाचे वाटले, आणि धास्तीमुळे झोप, भूक, काम, माणसांत मिसळणे यांवर आठवडेच्या आठवडे परिणाम होत असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. ते जमत नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, आणि मराठीतून बोलता येते.